जुनं सोनं विकायची घाई करू नका, तो मेसेज खोटा आहे

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर तो मेसेज परत फिरतोय, जळगाव काय, धुळे-नंदुरबारच्या ग्रुपवर पण तोच. म्हणे हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, नसलेलं सोनं आता कोणी घेणार नाही, दुरुस्त पण करून देणार नाही, जुन्यात कस (शुद्धता) नसतोच म्हणून 30 टक्के कापतील, त्यापेक्षा आत्ताच विकून शिक्क्याचं शुद्ध सोनं घ्या. आमचं घर सोनारकामातलं, आणि बाया हे वाचून घाबरून आईच्या पाटल्या मोडायला निघतात ते बघवत नाही म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे कोणी घेणार नाही हे साफ चूक. 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, लागतो, पण हे सगळं विकणाऱ्या सराफावर आहे. तुमच्या कपाटातल्या टिकेवर, एकदाणीवर नाही. तुम्ही ती ठेवा, घाला, मुलीला द्या, सराफाला विका, तो घेऊ शकतो.

दुरुस्तीचंही तेच. पोत तुटली तर कारागीर आजही टाक्याचं सोनं, सवागी (टाकणखार) आणि फुंकणी घेऊन बसतो, टाका मारतो म्हणजे तुटलेलं जोडतो, साफ करतो, उजाळा देऊन हातात देतो. शिक्का नाही म्हणून हे काम बंद करा असं सरकारने कुठेच सांगितलेलं नाही.

आता 30 टक्क्यांचं, लोक इथेच फसतात. सरसकट असा आकडा नसतोच, प्रत्येक दागिन्याचा कस वेगळा. जुना दागिना आटवल्यावर कस थोडा उतरतो हे खरंय, कारण टाक्याचं सोनं मुद्दाम कमी कसाचं असतं, ते आधी वितळायला हवं ना, नाहीतर टाका मारताना दागिनाच वितळेल. जितके टाके जास्त तितका फरक. आणि पोकळ पाटलीत आत लाख भरलेली असते, काट्यावर ती सोन्यासारखीच वजन दाखवते आणि मुशीत (सोनं आटवायच्या भांड्यात) जळून जाते. म्हणून वजन घटलं की लगेच सोनार चोर होत नाही, पण तुम्ही समोर उभं राहायचं, आटवायच्या आधीचं वजन बघायचं, आटवून झालेल्या लगडीचं बघायचं, मग कस लावून भाव. आधी फक्त कसच बघायचा असेल तर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यतेच्या हॉलमार्किंग सेंटरवर स्वतः जाता येतं, चार दागिन्यांपर्यंत 200 रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला 45, वर जीएसटी. एवढ्या पैशात कळतं की आजीच्या पाटल्या 22 च्या आहेत का 18 च्या. हे न करता कोणाच्या मेसेजवरून मोडायला निघणं म्हणजे नुसतं नुकसान, नव्या दागिन्याची मजुरी आणि जीएसटी तर परत भरायचाच आहे.

अन् शिक्क्याचं शुद्ध सोनं म्हणजे काय? 22के916 म्हणजे शंभरात 91.6 सोनं, 18के750 म्हणजे 75. शिक्का शुद्धता किती ते सांगतो, 24 कॅरेट आहे असं नाही सांगत.

उलट शिक्का नाही म्हणजे नकली हेही नाही. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सूट आहे, त्यामुळे नाकातल्या बारीक मुरणीवर शिक्का नसला तर सोनाराशी भांडू नका. वर्षाला 40 लाखांपर्यंत धंदा असलेल्या छोट्या सोनारालाही सक्तीतून सूट आहे, आपल्या तालुक्याच्या गावात असे कितीतरी आहेत, त्यांच्याकडचं घेताना बिल पक्कं घ्या आणि वाटलं तर सेंटरवर तपासून आणा.

नवीन घेणार असाल तर बीआयएसचं चिन्ह, कॅरेट आणि एचयूआयडी, तिन्ही भिंगातून बघायचे आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायचा, दागिन्याचा प्रकार जुळतोय का बघायचं. हॉलमार्कच्या दागिन्यात कस कमी निघाला तर जितकी तूट त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो, तो तुमचा हक्क आहे.