‘चार दिवसांचं काम नऊ दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. महालक्ष्म्यांच्या खरेदीच्या ऐन गर्दीत तुमच्या साडीच्या दुकानात जुन्या दिव्यांचं आणि वायरिंगचं काम करताना रोज रात्री शिडी आणि पसारा राहिला, त्याबद्दल माफी मागतो. काम लांबणार हे आम्हाला पहिल्याच रात्री कळलं होतं. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. ते राहिलं, चूक आमची.

पण ‘चार दिवसांचं काम नऊ दिवस रेंगाळवलं, यांना वेळेची किंमत नाही’ हे वाक्य जिव्हारी लागलं. गुलमंडी बाजारातले इतर दुकानदारही हे वाचतात आणि आमचं पोट याच कामावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चार दिवस सांगितले ते 14 जुन्या ट्यूब फिटिंगा आणि 6 काचेच्या हंड्यांसाठी (छताला टांगलेले दिवे), दोन माणसं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा लाइन बंद मिळणार हे धरून. म्हणजे 32 तास. काम सुरू झाल्यावर तुम्ही दिवसा मेन पाडू दिला नाही. त्यात तुमचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, त्या आठवड्यात साडीचं दुकान अंधारात कोण ठेवेल? आम्हाला मिळाली रात्री साडेआठ ते अकरा एवढीच वेळ. नऊ रात्री, रोज अडीच तास, सगळे मिळून साडेबावीस तास. त्यातही रोज अर्धा तास साड्यांच्या घड्यांवर प्लास्टिक अंथरण्यात आणि शेवटी झाडून घेण्यात गेला, कारण दुकान माळवदाचं आहे. तुळईत स्क्रू फिरवला की वरची माती खाली गळते, आणि ती रेशमावर पडलेली तुम्हालाही चालली नसती. नऊ दिवस मोजलेत शेठ, तसे तासही एकदा मोजून बघा.

आणि त्या साडेबावीस तासांत ठरलेलं काम तर झालंच, न ठरलेलंही झालं. पहिल्या रात्री फिटिंगा उतरवून वायरचं इन्सुलेशन तपासणारा 500 व्होल्टचा मेगर लावला, तर लाकडी पट्टीतल्या लाइनचं रीडिंग 0.2 मेगाओहम आलं. किमान 1 हवं. पट्टीचं झाकण काढलं तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता. आत जुनी रबरी वायर, वर सुती वेष्टन. बोटाने नुसतं दाबलं तर रबर भाजलेल्या पापडासारखं तुटून खाली पडलं आणि तांबं उघडं झालं. अशा लाइनवर फिटिंगा परत जोडून चौथ्या दिवशी बिल देता आलं असतं. पण 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं बटण) त्यावर टिकली नसती, पहिल्याच दमट दिवशी ट्रिप झाली असती. आणि आरसीसीबी न लावता सोडावं, तर लाकडी तुळया आणि खाली कापडाचे गठ्ठे. म्हणून दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तीन वायरी नव्याने ओढल्या. तिसरी हिरवी, अर्थिंगची. तुमच्या पत्र्याच्या फिटिंगांना आजवर अर्थिंगच नव्हतं. बिलात वाढलं ते एवढंच, आणि ते ओढण्याआधी तुम्हाला विचारलं होतं.

‘नव्या एलईडी पट्ट्या मारल्या असत्या तर एका दिवसात झालं असतं’ असंही लिहिलंय. झालं असतं. पण जुनी बॉडी ठेवायचा आग्रह तुमचाच होता आणि आम्हालाही तो पटला होता, असा जाड पत्रा आता मिळत नाही. जुन्या बॉडीत एलईडी ट्यूब बसवायची तर काम असं असतं: तांब्याचा चोक, स्टार्टर, कपॅसिटर काढायचा, ठिसूळ झालेले होल्डर बदलायचे (14 फिटिंगांचे 28), एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल द्यायचा, आत गंज घासून रंग मारायचा. प्रत्येकीवर ‘फक्त एलईडी ट्यूब’ असं स्टिकर लावलंय, ते काढू नका. तिथे कुणी चुकून जुनी ट्यूब घातली, तर तिच्या एका टोकाच्या फिलामेंटवर थेट 230 व्होल्ट येतात आणि ती जळते. पूर्वी 40 वॅटची ट्यूब आणि वर चोकचे 12 धरून 14 फिटिंगांना 728 वॅट लागायचे, आता 20 प्रमाणे 280. दुकान दहा तास चालू असेल तर दिवसाला साधारण साडेचार युनिट वाचतात. उजेड 4000 केल्विनचा (ना पिवळा, ना निळसर) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 चा घेतला, कारण पैठणीचा लाल आणि जांभळा साध्या पांढऱ्या उजेडात मळकट दिसतो.

आता तुम्ही तक्रार केलेला हंड्यांच्या पितळेवरचा डाग. जुनं लॅकर रिमूव्हरने काढून, चिंच-मिठाने धुऊन, बफ मारून, थिनरने पुसून मग नवं लॅकर फवारतात. पावसाळी हवेत थिनर उडताना पितळ गार पडतं, हवेतली ओल त्यावर धरते आणि लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. पहिला हात असाच गेला. तो पूर्ण उतरवून, पितळ कोमट करून, सावकाश उडणारं थिनर घालून दुसऱ्यांदा केला. यात दोन दिवस गेले ते आम्ही मान्य करतो, भर पावसात तारीख देताना ते धरायला हवं होतं. पण लॅकर 24 तास सुकू द्या असं सांगूनही तुमचा माणूस संध्याकाळीच दोन हंड्या घेऊन गेला. हंडीच्या ज्या पितळी कड्याचा फोटो तुम्ही टाकलाय त्यावरचा डाग नीट बघा. तो अंगठ्याचा ठसा आहे, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. आमच्या पॉलिशला नावं ठेवण्याआधी हे लिहायला हवं होतं. तरी ते कडं आम्ही पुन्हा करून देऊ, पैसे नकोत.

मागच्या माळ्यावरच्या दोन हंड्या बटण बंद केल्यावरही मिणमिणतात, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. माळ्यावरचा जुना बोर्ड आम्ही उघडला नव्हता. तिथे बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसलेलं असणार. जुन्या पिवळ्या बल्बला ते कळत नव्हतं, एलईडी मात्र तेवढ्या गळतीवरही मिणमिणतो. टेस्टर लावून आधीच बघायला हवं होतं. यात नुसत्या उजेडाचा प्रश्न नाही शेठ. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि आट्यांच्या होल्डरचे आटेही चालू राहू शकतात. आम्ही येईपर्यंत त्या दोन हंड्यांचा बल्ब कुणालाही बदलू देऊ नका. बदलावाच लागला तर आधी एमसीबी पाडा.

यापुढे अंदाज देताना दिवसांसोबत लाइन किती तास बंद मिळणार तेही लिहून घेऊ. इतरही काही सुधारणा करतो आहोत.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी माणूस पाठवतो. बोर्डाचं काम तासाभराचं आहे. कडं त्याच्याकडे द्या, पाऊस उघडला की लॅकर करून आणून लावतो.