वस्तऱ्यावर ‘सोलिंगेन’ दिसलं की लाख रुपये? थांबा जरा

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आजोबांचा जुना वस्तरा शोधा, त्यावर सोलिंगेन किंवा शेफिल्ड लिहिलं असेल तर लाखाला जातो, चुंबक चिकटलं तर ओरिजिनल, मूठ पांढरी असेल तर हस्तिदंत (गरम सुई टोचून बघा म्हणे), आणि विकायच्या आधी बफ मारून चकाचक करा. सोबत एका वस्तऱ्याचा फोटो, खाली ‘१८५० चा’.

पहिलं म्हणजे सोलिंगेन आणि शेफिल्ड ही गावं आहेत, कंपन्या नाहीत. एक जर्मनीत, एक इंग्लंडमध्ये, आणि दोन्हीकडे ढिगाने कारखाने होते, त्यामुळे असे वस्तरे आजही पोत्याने सापडतात. किंमत ठरते ती कारखाना कुठला, पातं किती रुंद (हे इंचाच्या आठव्या भागात मोजतात, ५/८ सगळीकडे मिळतो, ७/८ च्या वरचे जाड जुने शेफिल्ड लोक शोधत असतात) आणि पातं झिजून किती शिल्लक आहे यावर. आणि तो १८५० वाला फोटो झूम करा, शिक्क्यात चक्क ‘जर्मनी’ आहे! अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून असा शिक्का बहुतेक वेळा त्यानंतरचाच. उलटं मात्र धरू नका, देशाचं नाव नाही म्हणून वस्तरा आपोआप जुना ठरत नाही. ‘सिल्व्हर स्टील’ कोरलेलं असेल तर चांदीही शोधत बसू नका, ते बहुतेक वेळा जाहिरातीचं नाव.

चुंबकाचं तर सोडूनच द्या. स्टेनलेसचे वस्तरेसुद्धा चुंबकाला चिकटतात, काल बनलेला स्वस्त मालही चिकटतो.

त्यापेक्षा पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड बघा. दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकवतात, म्हणजे धारेबरोबर पाठही झिजते. पाठीवर रुंद सपाट चकाकती पट्टी दिसली किंवा धार मधेच आत वळलेली दिसली की समजा पातं बरंच खाल्लं गेलंय. नाभिकाच्या धोकटीतले वस्तरे रोज चाललेले, त्यांची हीच गत असते, नाव कितीही मोठं असो.

आता ती सुई. हे कृपा करून करू नका. पांढरी मूठ बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, भसकन पेटतं. भिंग घ्या: रेषा अगदी सरळ, एकसारख्या अंतरावर असतील तर सेल्युलॉइड, बारीक काळसर छिद्रं दिसली तर हाड. आणि समजा खरंच हस्तिदंत निघाला, तरी आपल्याकडे वन्यजीव कायद्याने त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे, लाख कसले घेऊन बसलात.

बफ हा सगळ्यात महागडा सल्ला. शिक्क्याच्या कडा बोथट होतात, पात्यावरचं कोरीव काम आणि सोनेरी मुलामा गायब, आणि धार इतकी पातळ की क्षणात तापून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. चमक आली, वस्तरा गेला. मुठीचे खिळेही बदलू नका, मूळ पितळी खिळे आणि वाशर जागेवर असणं ही मूठ मूळची असल्याची चांगली खूण आहे, नवे स्क्रू दिसले की गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं.

विकायचाच असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, थोडं तेल लावा आणि शिक्क्याचे दोन्ही बाजूंनी, पाठीचे, खिळ्यांचे फोटो काढा. सेल्युलॉइडची मूठ असेल तर बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा, ते सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या पात्यालाही गंज चढतो.