खुलासा : योकुकानसान आणि डोनेपेझिल

‘जपानी योकुकानसान स्मृतिभ्रंशावर चालतं, वनस्पतीच आहे, डोनेपेझिलसोबत बिनधास्त द्या, मग गोळी बंद करा,’ असा मेसेज फिरतोय (डोनेपेझिल म्हणजे स्मृतिभ्रंशावर डॉक्टर देतात ती गोळी). हा मेसेज चुकीचा आहे.

जपानमध्ये डॉक्टर हे सात वनस्पतींचं औषध चिडचिड, आक्रमकपणा, भास यांसाठी देतात. त्याने गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही, ते डोनेपेझिलची जागा घेत नाही. त्यात ज्येष्ठमध असतं (हो, आपलंच, खोकल्यावरचं). त्याने रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं. ही सूचना जपानी माहितीपत्रकातच आहे. डोनेपेझिलने काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात. पोटॅशियम कमी असताना ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. जपानी डॉक्टर दोन्ही एकत्र देतात, पण रक्त तपासत.

आईवडिलांची गोळी परस्पर थांबवू नका. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.