भाच्याच्या वहीत उतरलेला फॉरवर्ड

माझा भाचा नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने इस्रायल-पॅलेस्टाइन हा विषय घेतला आणि भाषण लिहून वही माझ्याकडे दिली, "मावशी, फक्त शुद्धलेखन बघ" म्हणत. पहिल्याच पानावर ओळखीची वाक्यं दिसली. सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, जुन्या ऑफिसच्या, सगळ्या ग्रुपवर फिरून आलेला तो सहा मुद्द्यांचा फॉरवर्ड पोराने जसाच्या तसा उतरवला होता. ग्रुपवर मी तो न वाचताच पुढे जायचे. वहीत तसं जाता येईना. चौथा मुद्दा असा होता: ‘गाझातल्या लोकांनीच हमासला निवडून दिलं, त्यामुळे तिथे निष्पाप कोणीच नाही. आजची मुलं हेच उद्याचे अतिरेकी.’ (हमास म्हणजे पॅलेस्टिनींची सशस्त्र इस्लामी संघटना.) त्याखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या. इथे आवाज चढवायचा, असं त्याला सरांनी सांगितलं होतं.

म्हणून क्रम सोडून चौथ्यापासूनच सुरुवात करते.

ती निवडणूक झाली जानेवारी २००६ मध्ये, गाझा आणि वेस्ट बँक या दोन्ही पॅलेस्टिनी भागांत मिळून. हमासच्या यादीला सुमारे ४४ टक्के मतं पडली, आणि मतदारसंघांच्या रचनेमुळे १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी हमासने बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतलं. तेव्हापासून तिथे संसदेची निवडणूक झालेलीच नाही. मी भाच्याला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला लावला. २००६ ला मत द्यायला १८ पूर्ण हवीत, तर ऑक्टोबर २०२३ ला तो मतदार किमान किती वर्षांचा? त्याने लिहिलं, ३५. आता गाझातली जवळपास निम्मी लोकसंख्या १८ वर्षांखालची आहे. म्हणजे हे युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या जवळपास निम्म्या माणसांचा त्या निवडणुकीच्या वेळी जन्मसुद्धा झालेला नव्हता. तो गप्प बसून त्या आकड्याकडे बघत राहिला. तो स्वतः चौदा वर्षांचा आहे.

आणि समजा सगळ्यांनी मत दिलं असतं, तरी मत दिलं म्हणून माणूस मारायला मोकळा होतो का? नेमका हाच तर्क हमासचा आहे. इस्रायलमध्ये बहुतेकांना सैन्यात नोकरी करावी लागते, म्हणून तिथे सामान्य नागरिक असा कोणी नाहीच, असं म्हणत त्यांनी वर्षानुवर्षं बसमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब फोडले. ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस धरून नेलं. त्याला गुन्हाच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. त्या दिवशी गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, मारल्या गेलेल्यांत ७४ वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. ‘विमेन वेज पीस’ या इस्रायली स्त्रियांच्या शांतता चळवळीच्या त्या संस्थापकांपैकी एक. गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून स्वतःच्या गाडीत बसवून इस्रायलच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या. हल्ल्याच्या तीनच दिवस आधी या चळवळीने पॅलेस्टिनी बायकांच्या ‘विमेन ऑफ द सन’ या संघटनेबरोबर मिळून मेळावा घेतला होता, दोन्हीकडच्या नेत्यांनी बोलणी सुरू करावीत ही मागणी घेऊन. ‘पलीकडे निष्पाप कोणी नाही’ या एका वाक्याने बेएरीत या बाईंचा जीव घेतला. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे तिथल्या मृतांची संख्या ६५ हजारांच्या पुढे गेली, त्यात हजारो मुलं. तेच वाक्य आपल्या पोरांनी टाळ्यांसाठी पाठ करायचं?

आता बाकीचे.

पहिला मुद्दा: ‘पॅलेस्टाइन नावाचा देश कधीच नव्हता, ती ओसाड जमीन होती.’ स्वतंत्र राष्ट्र नव्हतं, हे खरं आहे, मान्य करते. आधी उस्मानी तुर्कांची सत्ता, मग ब्रिटिशांची. पण ओसाड? ब्रिटिशांनी १९२२ मध्ये जनगणना केली तेव्हा तिथे साडेसात लाखांवर माणसं होती, त्यातले ज्यू सुमारे ८४ हजार, बाकी बहुतेक मुसलमान आणि ख्रिस्ती अरब. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, अहद हाआम हे ज्यू विचारवंत, स्वतः झायनवादी (ज्यूंनी त्या भूमीत पुन्हा वसावं या मताचे), तो प्रदेश पाहून आले आणि त्यांनी आपल्याच लोकांना बजावलं की बाहेर आपण समजतो तशी ही भूमी रिकामी नाही, न कसलेली चांगली जमीन इथे शोधून सापडत नाही. ज्यूंचं त्या भूमीशी हजारो वर्षांचं नातं आहे, तेही खोटं नाही. पण त्यासाठी दुसऱ्याला पुसून टाकावं लागत नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी घरदार सोडून गेले किंवा हाकलले गेले. जमीन ओसाड असती तर ही माणसं कुठून आली?

दुसरा: ‘बावीस अरब देश आहेत, तिकडे जा म्हणावं.’ बेळगावातल्या मराठी शेतकऱ्याला कोणी म्हणालं, महाराष्ट्रात छत्तीस जिल्हे आहेत, तिकडे जा, तर याच ग्रुपवर काय होईल ते मला ठाऊक आहे. शिवाय त्याच बावीस सदस्यांच्या अरब लीगने मार्च २००२ मध्ये बैरूतला इस्रायलसमोर लेखी प्रस्ताव ठेवला: १९६७ च्या युद्धात घेतलेल्या प्रदेशातून माघार घ्या, पॅलेस्टिनी राज्य होऊ द्या, निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य आणि दोघांच्या संमतीचा तोडगा काढू, आणि आम्ही सगळे तुमच्याशी रीतसर संबंध ठेवू. तो प्रस्ताव अजून मागे घेतलेला नाही.

तिसरा: ‘पाच वेळा देश देऊ केला, पाचही वेळा नाकारला.’ या यादीत १९६७ सुद्धा घातलंय, आणि तेव्हा पॅलेस्टिनींना राज्य कोणी देऊ केलंच नव्हतं. १९४७ ला संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा आराखडा नाकारला, खरं. तेव्हा लोकसंख्येत ज्यू एक तृतीयांश होते आणि आराखड्यात त्यांच्या वाट्याला निम्म्याहून जास्त जमीन होती. त्या फाळणीच्या विरोधात मत देणाऱ्या देशांत भारतही होता. २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला झालेल्या बोलण्यांचं सगळ्यात जास्त बोललं जातं. त्या वाटाघाटींत इस्रायलच्या बाजूने बसलेले मंत्री श्लोमो बेन-अमी पुढे स्वतःच म्हणाले की मी पॅलेस्टिनी असतो तर कॅम्प डेव्हिड मीही नाकारलं असतं. पण याच बेन-अमींच्या मते नंतरचे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचे मुद्दे आणि इजिप्तमधल्या ताबा गावातली बोलणी पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी हातची घालवली, आणि तेवढं मलाही मान्य करावं लागतं. २००८ ला इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी मांडलेल्या नकाशाला पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांनी नीट उत्तर दिलं नाही, हेही खरं. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या आरोपांत पायउतार होत होते, ही त्याची दुसरी बाजू.

पाचवा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे: ‘त्यांना इस्रायल नष्टच करायचंय, बोलणी कोणाशी करणार?’ ९ सप्टेंबर १९९३ ची दोन पत्रं वाचा, दोन मिनिटं लागतील. अराफात यांनी इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना लिहिलं की शांततेत आणि सुरक्षिततेत अस्तित्वात राहण्याचा इस्रायलचा हक्क पीएलओ, म्हणजे त्यांची पॅलेस्टाइन मुक्ती संघटना, मान्य करते. राबिन यांनी उलट लिहिलं की पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून आम्ही पीएलओला मान्यता देतो. नीट बघा, एका बाजूने राष्ट्र मान्य केलं, दुसऱ्या बाजूने फक्त बोलणी करणारा प्रतिनिधी. आणि ज्या राज्यासाठी पॅलेस्टिनी बोलायला बसले, ते ब्रिटिशकालीन पॅलेस्टाइनच्या जेमतेम २२ टक्क्यांवर. उरलेलं सोडायला ते तयार झाले होते. मग काय झालं? फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्याने नमाज पढणारे २९ जण मारले. हमासने इस्रायलच्या आत आत्मघाती स्फोट सुरू केले. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांना गोळ्या घातल्या त्या एका इस्रायली ज्यू तरुणाने, शांतता सभेतून बाहेर पडताना. आणि या सगळ्या काळात वेस्ट बँकेतल्या इस्रायली वस्त्या वाढत राहिल्या. या पत्रांपाठोपाठ १९९३ चा ओस्लो करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत वसाहतवाले लाखाच्या थोडे वर होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत. ज्या जमिनीवर बोलणी चालू आहेत तिच्यावर रोज एक घर चढत असेल तर समोरचा टेबलावर किती काळ बसेल?

सहावा: ‘बेने इस्रायली आपलेच, म्हणून मराठी माणसाने इस्रायलच्याच बाजूने उभं राहावं.’ बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. यातलं प्रेम खरं आहे. माझी आई अलिबागची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे हे लोक तिच्या आजोबांच्या बोलण्यात असायचे. तिची शाळेतली मैत्रीण लग्नानंतर तिकडे गेली, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. फोनवर अजून अस्सल अलिबागी मराठी. गाझातून रॉकेट सुटलं की सायरन वाजतो आणि ही बाई गुडघे धरत जिन्यात जाऊन बसते. इमारत जुनी, सुरक्षित खोली नाही. तिने निर्धास्त झोपावं असं मला मनापासून वाटतं. पण तिला आजवर बॉम्बने झोप दिलेली नाही, आणि पलीकडे वीस लाख माणसं हक्काशिवाय कोंडलेली असेपर्यंत ती कुठून येणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यूयॉर्क जाहीरनाम्यावर मतदान झालं. त्यात ७ ऑक्टोबरचा निषेध आहे, हमासने शस्त्रं खाली ठेवावीत ही मागणी आहे, आणि दोन राष्ट्रांचा तोडगा आहे. १४२ देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारत आहे. फॉरवर्डमध्ये हे कुठेच नाही.

भाच्याने चौथा मुद्दा स्वतः काढला, बाकीच्यांवर आमचा अजून वाद चालू आहे. हे सगळं मी त्याच ग्रुपांवर टाकते आहे. यातलं काही चुकलं असेल तर तेवढा मुद्दा घेऊन बोला, मी दुरुस्त करीन. नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवू नका.