हॉवर्ड वॉट्स यांच्यासाठी दोन ओळी

ब्लूग्रास या अमेरिकन ग्रामीण संगीतप्रकाराच्या जन्मावरचा तुमचा लेख आवडला. बिल मनरो आणि त्यांच्या संचातले लेस्टर फ्लॅट, अर्ल स्क्रग्ज यांच्यावर भरभरून लिहिलंत, पण त्याच संचात डबल बास (खालच्या स्वरांचं मोठं, उभं तंतुवाद्य) वाजवणाऱ्याचं नाव फक्त एकदा, तेही कंसात! मला ते लागलं.

ते होते फ्लोरिडाचे हॉवर्ड वॉट्स, रंगमंचावरचं नाव सेड्रिक रेनवॉटर. मनरोंच्या १९४६-४७ च्या ज्या ध्वनिमुद्रणांना आपण या संगीताचा पाया मानतो, त्या सगळ्यांखाली त्यांचाच बास आहे. या संगीतात ड्रम नसतो. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी बासची, दुसऱ्या-चौथीवर मँडोलिनचा कोरडा आघात. स्क्रग्ज यांचा बँजो एवढ्या वेगात बिनधास्त धावतो, कारण खाली जमीन पक्की आहे. हेडफोन लावून एकदा फक्त खालचे स्वर ऐका, मग गाणंच वेगळं वाटायला लागतं.

१९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज मनरोंपासून वेगळे झाले, तेव्हा वॉट्स त्यांच्या नव्या संचात गेले. पुढे प्रसिद्ध गायक हँक विल्यम्स यांनाही साथ केली. म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीतातल्या तीन मोठ्या संचांना याच माणसाने ठेका दिला. १९७० मध्ये ते गेले. ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, नाव लागलं ते २००७ मध्ये, सदतीस वर्षांनी.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर मिसी रेन्स यांच्याबद्दल जरूर लिहा. बासवादनाचा वार्षिक ब्लूग्रास पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि तो त्यांनी अनेकदा जिंकलाय.