‘कर्नल सगळं बघून घेतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ व्या आवृत्तीतल्या असिंक्रोनस वाचनावर (मागणी टाकून, वाट न बघता दुसरं काम करत राहण्यावर) मी लेख लिहिला. त्याखाली कर्नलबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबद्दल, आपण लिहिलंत: “कर्नल फाइल पुढची पुढची वाचून ठेवतंच, मग डेटाबेसला असिंक्रोनस वाचन हवं कशाला? पुस्तकं वाचून लिहिणाऱ्यांनी आधी सर्व्हर हाताळावेत. कमिटला थांबावं लागतंच, मोजमाप एकही नाही, आयओ-यूरिंगचं सालही चुकलंय.”

साल चुकलं, कबूल. आयओ-यूरिंग, म्हणजे कर्नलकडे वाचन-लेखनाच्या मागण्या टाकायची सोय, लिनक्स ५.१ बरोबर मे २०१९ मध्ये आलं. लेखात दुरुस्त केलंय.

पण ‘पुस्तकं वाचून’ हे मला लागलं. माझी चूक दाखवा, शंभरदा दाखवा. मी काय केलंय हे ठाऊक नसताना असं बोलायची रीत निदान आमच्या इंदूरला नाही.

२०११ साली सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचा सर्व्हर मी सांभाळायचो. चार फिरत्या डिस्क, रेड १० (डेटा डिस्कांवर वाटून त्याची दुसरी प्रतही ठेवणारी मांडणी), आणि हिशेबाचा रिपोर्ट सकाळ झाली तरी संपत नसे. गोण्यांशेजारी स्टुलावर बसून मी रात्र रात्र आयओस्टॅट (कुठली डिस्क किती राबतेय ते दाखवणारी कमांड) बघितलंय. डिस्क चार, पण एका वेळी राबत होती एकच. क्वेरी एक पान (डेटाचा ठरावीक मापाचा तुकडा) मागायची, ते येईपर्यंत थांबायची, मग दुसरं मागायची. ७२०० आरपीएमच्या डिस्कला नुसतं अर्धं फिरायलाच ४ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. हेड सरकायचा वेळ वेगळा.

तेव्हा आपलं कर्नल कुठे होतं? तिथेच होतं. पण तो बिटमॅप स्कॅन होता, म्हणजे हवी ती पानं आधी नकाशात खुणावून मग तेवढीच वाचायची: पान ४०, मग ९१२, मग ३०००. सलग वाचन चाललं असेल तर कर्नल ते ओळखतं. अशा उड्यांपुढे त्याला काय कळणार? पुढची पानं कुठली, हे बिटमॅप बनवणाऱ्या डेटाबेसलाच ठाऊक. मी इफेक्टिव्ह-आयओ-कन्करन्सी (एका वेळी किती वाचनं मागायची ते ठरवणारं सेटिंग) १ वरून ४ केलं. पोस्टग्रेस पुढच्या पानांची वर्दी कर्नलला आधीच देऊ लागलं, चारही डिस्क कामाला लागल्या आणि रिपोर्ट दुकान उघडायच्या आत हातात पडू लागला.

तरीही ती नुसती वर्दीच. कर्नलच्या कॅशमधून शेअर्ड बफर्समध्ये (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत) पान आणायला क्वेरीची प्रोसेस स्वतःच जायची. १८ मध्ये हे बदललं, लेखाचा सगळा मुद्दाच तो होता! मुळातल्या सेटिंगप्रमाणे तीन आयओ वर्कर (याच कामाला ठेवलेल्या वेगळ्या प्रोसेस) पानं थेट शेअर्ड बफर्समध्ये आणून ठेवतात, क्वेरी तोवर हातातलं काम करते. आयओ-यूरिंग निवडलंत तर वर्करही लागत नाहीत, मागण्या थेट कर्नलच्या रांगेत जातात. हे वाचूनही आपण ‘गरजच काय’ म्हणत असाल, तर आपण लेख वाचला नाही असंच मी समजेन.

कमिटचं (बदल डिस्कवर पक्के लिहिण्याचं) म्हणाल तर १८ मधलं हे काम वाचनापुरतंच आहे, आणि लेखही वाचनावरच होता. मोजमापाचं पुढे कधीतरी.

पुन्हा लिहाल तेव्हा मोठा बिटमॅप स्कॅन चालू असताना आपल्या सर्व्हरवर आयओस्टॅट काय दाखवतं, तेवढं लिहा. त्यावर बोलायला मी केव्हाही तयार आहे.