शॅल, विल आणि दुर्लक्षित मे

शाळेत शॅल शिकवला तो असा: आय आणि वुई असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल. गाळलेल्या जागा भरा, मार्क पदरात पाडा. हा नियम जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. हा मूळचा गणितज्ञ, अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह त्याचंच. आज खुद्द इंग्लंडात रोजच्या बोलण्यात ‘शॅल वुई गो?’ सोडलं तर शॅल फारसा कानावर पडत नाही. आपण मात्र तो घोकतोय.

माझं मत विचाराल तर शॅल-विल बंद करा आणि शॅल-मे शिकवा. कारण पोटापाण्याशी गाठ पडते ती या जोडीची. व्याकरणाने दोघं सख्खे भाऊ. पुढे साधं क्रियापद, ना एस लागतो, ना मध्ये टू येतो. त्यामुळे भाडेकरारात ‘मालक शॅल रिफंड द डिपॉझिट’च्या जागी ‘मे रिफंड’ आलं तर वाक्य तेवढंच सुबक दिसतं. फक्त डिपॉझिट परत करणं हे मालकाचं कर्तव्य न राहता त्याची मर्जी होते! कायद्याच्या मराठीत हा फरक लगेच कळतो: एकीकडे ‘करील’, दुसरीकडे ‘करता येईल’.

पुराव्याच्या कायद्यात तर दोघं शेजारी बसलेत. चोरीनंतर लगेच माल तुमच्याकडे सापडला आणि तो कुठून आला हे सांगता आलं नाही, तर तुम्ही चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारे, असं कोर्ट ‘मे प्रिझ्यूम’. म्हणजे तसं गृहीत धरेल किंवा धरणार नाही. पण चेक बाउन्सच्या खटल्यात तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं चेकच्या वेगळ्या कायद्याच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, कलम १३९ प्रमाणे धरावंच लागतं, कारण तिथे शॅल आहे. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी मग चेकवर सही करणाऱ्याची. एका शब्दाने ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर!

आता गंमत. शॅल दिसला की सक्ती, असंही डोळे झाकून म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये सरकारी नोकरावरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घ्यावा असं आहे. तरी १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे निर्देशवजा आहे, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. म्हणजे शॅल लिहूनही वकिलांची सोय झालीच.

या भानगडीला कंटाळून दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेत शॅलऐवजी सरळ मस्ट वापरला. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांतूनही २००७ साली शॅल हद्दपार झाला. आपल्याकडे २०२३ मध्ये पुराव्याचा कायदा नव्याने आला, नाव भारतीय साक्ष्य अधिनियम झालं. इंग्रजी मजकुरात शॅल मात्र आपल्या जागेवरून हललेला नाही.